दुसऱ्याचा फोटो, आपला व्हिडिओ



आता बऱ्याच गटांत एखादी तरी मैत्रीण पापड, लोणचं, गोधडीचे व्हिडिओ मोबाईलवर टाकते. त्यावरून ऑर्डरीही येतात. मग प्रश्न पडतो, त्यात दुसऱ्याचं गाणं किंवा फोटो घातला तर चालतो का?

आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. फोटो काढणारा, गाणं रचणारा, लेख लिहिणारा, यांचा आपापल्या कामावर हक्क असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. शेजारणीच्या झाडाचा आंबा आपण तिला विचारून घेतो, तसंच हे.

काही समज आधी काढून टाकू. गूगलवर फोटो दिसला म्हणजे तो फुकट नसतो. खाली मालकाचं नाव लिहिलं, चांगलं केलं. पण नाव देणं म्हणजे परवानगी नव्हे. ‘दहा-पंधरा सेकंद चालतात’ असंही म्हणतात. कायद्यात अशी सेकंदांची सूट नाही.

मग जुनं गाणं? रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो. तुकाराम महाराजांचा अभंग कुणीही गावा. पण नावाजलेल्या गायकानं गायलेल्या त्याच अभंगाच्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तो बहुधा कंपनीकडे असतो. त्यापेक्षा आपल्या भजनी मंडळालाच गायला सांगा. आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या तर आजीला आधी विचारा. गाणारीचाही हक्क असतो.

पाककृतीचं काय? पुरणपोळी करायची रीत कुणा एकीच्या मालकीची नाही. बघा, शिका, आपल्या शब्दांत सांगा. मात्र दुसरीचा व्हिडिओ, फोटो किंवा तिनं लिहिलेला मजकूर जसाच्या तसा उचलू नका.

यूट्यूबवर तक्रार झाली की व्हिडिओ काढला जातो. ९० दिवसांत अशा तीन ‘स्ट्राइक’ बसल्या तर चॅनेलच बंद होऊ शकतं. दोन वर्षांची मेहनत आणि जोडलेली गिऱ्हाइकं एका गाण्यापायी जातात.

म्हणून फोटो स्वतः काढा. संगीत हवं तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत मिळतं, अटी वाचून घ्या. दुसऱ्याचंच हवं असेल तर परवानगी लेखी मागा: ‘ताई, तुमचा हा फोटो आमच्या गटाच्या लोणच्याच्या जाहिरातीत सहा महिने वापरू का? तुमचं नाव देऊ. पैसे किती द्यायचे?’ आलेलं उत्तर जपून ठेवा, इतिवृत्ताच्या वहीत नोंद करा.

हा कायदा आपल्याही बाजूचा आहे. आमच्या एका गटानं काढलेला कुरडयांचा फोटो एका व्यापाऱ्यानं स्वतःच्या पाकिटावर छापला. गटाकडे मोबाईलमध्ये मूळ फोटो तारखेसकट होता. चौघीजणी तो घेऊन दुकानात गेल्या, पाकीट समोर ठेवलं. त्यानं छपाई बदलली. म्हणून मूळ फोटो पुसू नका. कुणी आपला फोटो मोबाईलवर उचललेला दिसला तर स्क्रीनशॉट घ्या, तारीख लिहा, आधी त्याला कळवा, नाही ऐकलं तर त्या ॲपवरच तक्रार करा.

येत्या बैठकीत दहा मिनिटं काढा. गटाचे जुने व्हिडिओ एकत्र बसून बघा. कशात कुणाचं गाणं आहे, कुणाचा फोटो आहे ते लिहून काढा. परवानगी नसेल तर मागा, मिळाली नाही तर तो भाग काढून टाका.