अर्धवेळ वर्दी आणि बढतीचं घड्याळ

(नवी मुंबईत स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



विषय ऐकून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पाणी, रेशन, नवऱ्याची मारहाण हे सगळं सोडून आज लष्करातल्या बढत्यांवर भाषण? आणि तेही अर्धवेळ लष्करातल्या? पण थोडा धीर धरा. हा विषय बंदुकीचा कमी आणि नोकरीचा जास्त आहे. बाईनं काम केलेले दिवस कोण मोजतं, कधीपासून मोजतं आणि कुठल्या दिवसांना मोजायचंच नाही असं ठरवतं, याचा तो विषय आहे. हे मोजमाप आपल्यापैकी प्रत्येकीला कुठे ना कुठे भेटलेलं आहे.

आधी हे अर्धवेळ सैन्य म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे त्याला प्रादेशिक सेना म्हणतात, बोलताना टेरिटोरियल आर्मी किंवा नुसतं टी.ए. त्याचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींनी या सेनेचं उद्घाटन केलं. कल्पना अशी की आपली नोकरी, आपला धंदा सांभाळणाऱ्या नागरिकानं वर्षातले ठरावीक दिवस लष्करी शिक्षण घ्यायचं आणि देशाला गरज पडली की वर्दी घालून हजर व्हायचं. सरकारनं असं बोलावून घेतलं की तेवढा काळ तो पूर्णवेळ सैनिक होतो. या सेनेच्या पायदळाच्या पलटणी आहेत. आपल्या कोल्हापुरातली मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ वी बटालियन त्यांतलीच. शिवाय रेल्वे, तेल कंपन्या यांसारख्या खात्यांतल्या कर्मचाऱ्यांमधून उभ्या केलेल्या विभागीय तुकड्या असतात.

अधिकारी व्हायचं तर अटी अशा: वय १८ ते ४२, पदवी, शारीरिक क्षमता आणि स्वतःचं उत्पन्न. लेखी परीक्षा, मुलाखती, वैद्यकीय तपासणी पार पडली की पहिल्या वर्षी एक महिन्याचं प्राथमिक शिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत केव्हातरी तीन महिन्यांचा आणखी एक अभ्यासक्रम.

यातल्या ‘स्वतःचं उत्पन्न’ या अटीपाशी जरा थांबा. अर्धवेळ सैन्य हे पोट भरण्याचं साधन नाही, असं शासन म्हणतं. ते एका अर्थी बरोबरही आहे. पण मग ऐरोलीतल्या किंवा कळंबोलीतल्या ज्या पदवीधर बाईनं दहा वर्षं घर, सासू-सासरे आणि दोन पोरं सांभाळली, ती या हिशेबात कामाला नाहीच. तिचं घर सांभाळणं हे उत्पन्नाचं काम नव्हे. म्हणजे बढतीची गोष्ट निघण्याआधी, दारातच एक मोठी रांग माघारी फिरते.

आता बढतीकडे येऊ. अधिकाऱ्याची शिडी अशी: लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, मग कर्नल आणि ब्रिगेडियर. नियमित सैन्यात साधारण २, ६ आणि १३ वर्षांच्या सेवेला पहिल्या तीन बढत्या मिळतात. कर्नलपासून पुढे निवड मंडळ बसतं. प्रादेशिक सेनेतही घडण तीच: लेफ्टनंट कर्नलपर्यंत कालबद्ध बढती, पण ठरवून दिलेले निकष पूर्ण केले असतील तर, आणि त्यापुढे निवड. ऐकायला सोपं वाटतं. वर्षं भरली की हुद्दा मिळाला.

पण अर्धवेळ सेवेत वर्षं भरण्याचा वेग निराळा असू शकतो. सगळ्यांच्या माहितीतलं एक उदाहरण घ्या. खासदार अनुराग ठाकूर जुलै २०१६ मध्ये प्रादेशिक सेनेत लेफ्टनंट झाले आणि मार्च २०२१ मध्ये कॅप्टन. साडेचार वर्षांहून जास्त काळ लागला. नियमित सैन्यात या पायरीला दोन वर्षं पुरतात. एका माणसावरून नियम काढू नये हे मलाही कळतं. पण नोकरी-धंदा सांभाळून, शिबिरं आणि शिक्षण पुरं करत चढणाऱ्याची चाल सावकाश असते, एवढं त्यातून दिसतं. दुसऱ्या बाजूला महेंद्रसिंग धोनी. २०११ मध्ये त्यांना याच सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मिळाला. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर या पायऱ्या त्यांना चढाव्या लागल्या नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘मानद’ हा शब्द लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

मग बाईचं काय? १९४८ च्या कायद्याचं सहावं कलम भरतीसाठी ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द वापरतं, ती भारताची नागरिक असली म्हणजे झालं. कायदा पुरुष म्हणत नाही. पण ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे पुरुष, असं सत्तर वर्षं गृहीत धरलं गेलं. तेल क्षेत्रातल्या विभागीय तुकडीत शिल्पी गर्गमुख या पहिल्या स्त्री अधिकारी म्हणून दाखल झाल्या त्या २०१६ साली. त्याच सुमारास एका वकिलानं दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ५ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयानं निकाल दिला की ‘कोणतीही व्यक्ती’ यात स्त्रीही येते. कायद्याचं एक अक्षरही बदलावं लागलं नाही. बदलावं लागलं ते वाचणाऱ्याला.

आता मनातल्या मनात गणित करा. सेना सुरू झाली १९४९ मध्ये, पहिली स्त्री अधिकारी आली २०१६ मध्ये. मध्ये ६७ वर्षं गेली. बढतीचं घड्याळ आत पाऊल टाकलेल्या दिवसापासून चालतं. २०१६ ला आत आलेल्या बाईला नियमित सैन्याचं तेरा वर्षांचं वेगवान माप लावलं, तरी लेफ्टनंट कर्नल व्हायला २०२९ उजाडतं. कर्नलची निवड त्यानंतर. म्हणजे निवड मंडळात बसणारे, शेरे लिहिणारे, निकष ठरवणारे हुद्दे बाईपासून अजून लांब आहेत. आणि येणाऱ्या बायका तरी किती? २०२३ च्या जाहिरातीत अधिकाऱ्यांच्या १९ जागा होत्या. पुरुषांसाठी १८, स्त्रियांसाठी १. २०२५ च्या जाहिरातीतही तेच: १८ आणि १. दार उघडलं खरं, पण एका वेळी एकीनंच आत यायचं. नियम सर्वांना सारखे, बढती कालबद्ध, असं कुणी सांगितलं की हे दोन आकडे त्यांच्यापुढे ठेवावेत.

उशिरा आत आलेल्या बाईचं पुढे काय होतं, हे नियमित सैन्यानं दाखवून दिलं आहे. तिथे डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापलीकडच्या शाखांत स्त्रिया अधिकारी झाल्या १९९२ पासून, त्याही ठरावीक मुदतीसाठी. १७ फेब्रुवारी २०२० ला बबिता पुनिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना कायम कमिशनचा हक्क दिला. वाटलं, सुटलो. पण त्यानंतर त्यांची पात्रता ठरवताना जुने गोपनीय अहवाल बाहेर काढले गेले. ते कधी लिहिले होते? या बायकांना पुढे जायचंच नाही असं धरून चाललेल्या काळात. ज्याची बढती व्हायची आहे त्याच्या अहवालात साहेब काळजीनं शेरा लिहितो. जिची होणारच नाही तिच्याबद्दल दोन ओळी खरडून मोकळा होतो. २५ मार्च २०२१ ला नितिशा खटल्यात न्यायालयानं याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. वरून नियम एकच, पण त्याचा मार बाईलाच. २०२३ मध्ये कर्नलच्या १०८ जागांसाठी स्त्रियांचं विशेष निवड मंडळ बसलं. त्यातही वगळल्या गेलेल्या काहीजणींना पुन्हा न्यायालयात जावं लागलं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं त्यांच्यासाठी नव्यानं मंडळ बसवायला सांगितलं. चार वर्षांत तीन वेळा कोर्टाची पायरी!

प्रादेशिक सेनेतल्या मूठभर बायका आज त्याच सुरुवातीच्या टप्प्यावर आहेत. त्यांचे शेरे आत्ता लिहिले जात आहेत. वीस वर्षांनी कोर्टात भांडण्यापेक्षा आत्ताच विचारलेलं बरं. एखादीचं बाळंतपण नेमकं त्या तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमाच्या वेळी आलं तर? पगारी नोकरीत पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा २०१७ पासून आहे. नोकरीत ती रजेवर आहे, मग सैन्यातल्या तिच्या शिबिराचं काय? ते वर्ष बुडलं म्हणायचं का? दोन मालकांच्या मध्ये उभी असलेली बाई ही. एक म्हणतो रजा किती घेता, दुसरा म्हणतो दिवस कमी भरले.

इथे तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, आणि म्हणाव्यातच: आपण युद्धाच्या विरोधात बोलतो, मग बाईला वर्दी मिळावी म्हणून का भांडायचं? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं उत्तर प्रत्येकीनं आपापलं शोधावं. मी एवढंच म्हणेन की युद्ध नको हे म्हणण्याचा अधिकारही बाहेर ठेवलेल्या बाईचा कुणी ऐकत नाही. शिवाय जी व्यवस्था आपल्या करातून चालते, जिचा हुद्दा समाजात मान देतो, तिच्या दारावर ‘पुरुषांसाठी’ अशी अदृश्य पाटी राहू देणं ही काही शांततेची चळवळ नव्हे.

आणि वर्दी बाजूला ठेवली तरी घड्याळ उरतंच. गणपतीत, निवडणुकीत वाशीच्या चौकात उभ्या असणाऱ्या होमगार्ड बायका तुम्ही पाहता. होमगार्डची स्थापना मुंबईत ६ डिसेंबर १९४६ ला झाली. सेवा स्वेच्छेची, म्हणून पगार नाही, भत्ता. ११ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या माणसांना कायम करता येणार नाही, पण दिवसाचा भत्ता पोलीस शिपायाच्या किमान वेतनाच्या हिशेबानं द्या. महाराष्ट्रात तो ५७० रुपयांवरून १०८३ रुपये करण्याचा निर्णय झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. अंगणवाडी सेविकांचंही तेच. त्या ‘मानसेवी’, त्यांना ‘मानधन’. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागलं. आता मघाचा ‘मानद’ शब्द आठवा. नामवंताला ‘मानद’ म्हटलं की पायऱ्या गाळून हुद्दा मिळतो. गरीब बाईला ‘मानसेवी’ म्हटलं की वर्षं गाळून मोबदला मिळतो. मान दोघांनाही आहे, दिवस मात्र एकीचे हरवतात.

मग आपण काय करायचं? चार गोष्टी सांगते.

पहिली, माहिती पोचवा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, सिडकोची कार्यालयं, उरणचं बंदर, बँका, शाळा, या सगळ्या ठिकाणी पदवीधर, कमावत्या मुली आहेत. अर्ज करता येतो हेच त्यांतल्या बहुतेकींना ठाऊक नसेल. एका जागेसाठी पाचशे अर्ज गेले तर ती एक जागा किती तोकडी आहे हे आपोआप दिसेल.

दुसरी, कायदा वाचा. १९४८ च्या याच कायद्यात ७-अ आणि ७-ब ही कलमं आहेत. प्रादेशिक सेनेच्या सेवेसाठी बोलावल्या गेलेल्या माणसाला परत आल्यावर कामावर घेणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि प्रॉव्हिडंट फंडासारखे त्याचे हक्क शाबूत राहतात. ‘तुला कोणी जा सांगितलं होतं?’ असं म्हणणाऱ्या साहेबाला हे कलम दाखवता येतं.

तिसरी, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. लष्कर या कायद्याच्या बाहेर नाही. गुपितं विचारायची नाहीत. कोणत्या हुद्द्यावर किती स्त्रिया, बढतीला पात्र किती आणि मिळाली किती जणींना, बाळंतपणामुळे शिबिर चुकलं तर नियम काय, एवढंच विचारायचं.

चौथी, नोंद ठेवा. प्रादेशिक सेना असो, होमगार्ड असो की अंगणवाडी, कामाला गेलेला प्रत्येक दिवस वहीत लिहा. आदेश तोंडी असेल तर लेखी मागा. आलेलं पत्र जपून ठेवा. कोर्टात जिंकलेल्या बायकांच्या हातात शेवटी कागदच होते.

कालबद्ध बढती ही चांगली गोष्ट आहे. तिच्यात साहेबाच्या मर्जीला कमी वाव असतो. म्हणून ती मोडा असं मी म्हणत नाही. मी म्हणते, घड्याळ सगळ्यांसाठी एकाच वेळी सुरू करा, बाळंतपणासाठी ते थांबवू नका, आणि ज्यांच्यासाठी ते ६७ वर्षं उशिरा सुरू झालं, त्यांच्यासाठी एकाऐवजी निदान अर्ध्या जागा काढा. पुढच्या जाहिरातीच्या आधी ही मागणी आपापल्या संघटनेच्या ठरावात यावी, ही विनंती.