माहीत कोणाला होतं?

(रेडिओवरील भाषण)

मागच्या खेपेला 'ट्वा कॉर्बीज' हे स्कॉटलंडचं जुनं कथागीत आपण ऐकलं, आणि त्यावर तुमची भरभरून पत्रं आली. आनंद वाटला. पण ती वाचता वाचता मला शंका यायला लागली की मी रेडिओवर कविता वाचली की चौकीवर जाऊन वर्दी दिली! जो तो खुनी शोधतोय. एका निवृत्त फौजदारांनी तर दोन ताव भरून मुद्देसूद लिहिलंय: प्रेत कुठे पडलंय हे त्या सरदाराच्या बाईला माहीत आहे, तिने दुसरा घरोबाही केलाय, म्हणजे माहिती आहे, हेतू आहे, आता राहिलं काय? एका विद्यार्थ्याने कळवलंय की गाइडमध्ये उत्तर 'बाई' असंच दिलंय. झालं! गाइडने शिक्का मारला, फाइल बंद.

अहो, पण गाण्यात आहे काय? दोन डोमकावळे आज जेवायला कुठे जायचं ते ठरवताहेत. जुन्या बांधाआड नुकताच मारलेला सरदार पडलाय. तो तिथे आहे हे तिघांनाच ठाऊक: त्याचा ससाणा, त्याचा कुत्रा आणि त्याची बाई. कुत्रा शिकारीला गेलाय, ससाणाही आपल्या उद्योगाला, बाईने दुसरा जोडीदार पाहिलाय. तेव्हा आपल्याला निवांत जेवता येईल, एवढाच कावळ्यांचा हिशेब. मारलं कोणी, हा प्रश्न त्यांना पडतच नाही. कुठे पडलाय हे माहीत असणं वेगळं आणि मारणं वेगळं, हे फौजदारसाहेबांना मी सांगायचं का? हे गाणं 'कोणी मारलं' असं विचारत नाही, 'माहीत कोणाला होतं' असं विचारतं. मी पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर एखादं वाक्य कुकरच्या शिट्टीत जातं: माहीत कोणाला होतं?

अशी गाणी विरजणासारखी असतात. शेजारणीकडून चमचाभर आणायचं, दूध मात्र आपल्या घरचं. म्हणून एकाच विरजणाचं दही एका घरी गोड लागतं, दुसऱ्या घरी आंबट. हेच गाणं वॉल्टर स्कॉटने सीमाभागातल्या गीतांच्या आपल्या संग्रहात छापलं, तिसऱ्या खंडात, 1803 साली. त्याला ते चार्ल्स कर्कपॅट्रिक शार्पने दिलं होतं, आणि शार्पकडे आलं ते एका बाईंनी ऐकून उतरवलेलं. पण त्याच घराण्यातलं एक इंग्रजी गाणं त्याच्याही कितीतरी आधी, 1611 साली, टॉमस रेव्हन्सक्रॉफ्टच्या 'मेलिस्माटा'त छापून झालं होतं: 'थ्री रेव्हन्स'. तिथे कावळे तीन, आणि दही एकदम गोड! कुत्रे धन्याच्या पायाशी राखण करताहेत, ससाणे एका पाखराला जवळ फिरकू देत नाहीत. मग भरल्या पोटाची एक हरिणी येते, त्याचं रक्ताळलेलं डोकं उचलते, त्याला पाठीवर घालून नेते, पुरते आणि दिवस मावळायच्या आत स्वतःही प्राण सोडते. हार्वर्डच्या फ्रान्सिस चाइल्डने 305 कथागीतांचा मोठा संग्रह केला, त्यात 26 वा क्रमांक या इंग्रजी गाण्याचा. स्कॉटिश गाणं त्याने नुसतं प्रस्तावनेच्या टिपणात घेतलं, कारण त्याला ते त्या कोवळ्या गाण्याची कुत्सित नक्कल वाटलं. चाइल्डसारख्या माणसालाही आंबट सोसलं नाही म्हणायचं!

आता माझा मुद्दा. 'थ्री रेव्हन्स'मध्येही सरदार मारलेलाच आहे. मारेकऱ्याचा पत्ता तिथेही नाही. पण ते ऐकून 'खुनी कोण?' असं पत्र कोणी लिहीत नाही. का? त्याला माती मिळाली म्हणून. कुणीतरी येऊन त्याचं करायचं ते केलं. आपल्याला खुनी हवा असतो असं आपल्याला वाटतं, पण खरी तगमग वेगळीच असते.

आलेल्या पत्रांपैकी एकाच पत्राने ही तगमग नेमकी पकडली. कोकणातल्या एका आजींचं पोस्टकार्ड आहे, जेमतेम चार ओळी. त्यांनी विचारलंय, "त्याचं दहावं कोणी केलं?" बस्स. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना म्हणून घाटावर ताटकळत उभे राहणारे, नाना आश्वासनं देणारे आपण लोक. आणि इथे पिंड ठेवायला कुणी नाही, कावळे मात्र आधीच हजर! स्कॉटच्या डोक्यात हे असणं शक्य नाही. हे दूध आजींच्या घरचं. पण दही काय सुरेख लागलंय!

पुश्किनचंही असंच. 1828 साली त्याने हे गाणं फ्रेंचवरून रशियनमध्ये घेतलं आणि मध्यावरच सोडून दिलं. शिवाय दोन गोष्टी पदरच्या घातल्या. कोणी मारलं आणि का, हे ससाणा, घोडी आणि बाई यांनाच ठाऊक, असं त्याने म्हटलं. वर त्या घोडीवर वैऱ्याला बसवलं. म्हणजे पुश्किनलाही राहवलं नाही, त्यानेही संशयित पुरवला. फौजदारसाहेब, तुमच्या बाजूने एवढा मोठा साक्षीदार मीच देतोय, बघा.

तरी माझं म्हणणं तेच. विरजण लावलेलं भांडं दर दहा मिनिटांनी हलवून 'लागलं का, लागलं का' म्हणून बघितलं तर काय होतं, हे घरातल्या कुणालाही विचारा. पाणी सुटतं. खुनी कोण, खुनी कोण करत आपण भांडं हलवत बसतो, आणि गाण्याची पहिलीच ओळ हातची जाते.

ही पहिली ओळ एकाही पत्रात नाही. कुणीतरी एकटाच वाटेने चाललाय आणि कावळ्यांचं हे बोलणं त्याच्या कानावर पडतं. मग सांगा, माहीत असलेले तिघेच कसे? हा चौथा. त्याने बांधाआड जाऊन पाहिलं का? गावात कुणाला सांगितलं? गाण्यात तसं काही नाही. त्याने गाणं रचलं. आणि शेवटी कावळे म्हणतात की या सरदारासाठी हळहळणारे पुष्कळ असतील, पण तो गेला कुठे हे त्यांना कधी कळायचं नाही. या वाटसरूला कळलं होतं की! मग त्याच्याकडून गाणं ऐकलेल्यांना कळलं, आणि मागच्या खेपेपासून तुम्हा-आम्हाला...

काचेपलीकडून हात व्हायला लागला. चालीबद्दल बोलायचं राहूनच गेलं. आज हे गाणं बहुधा ज्या चालीत ऐकू येतं, ती ब्रिटनी प्रांतातल्या एका जुन्या गाण्याची. 1950 नंतरच्या काळात ती याला जोडली गेली. मूळ गाणं हंसाचं, गळ्यात पडली कावळ्यांच्या. पण ते पुढच्या वेळी, चाल वाजवूनच. पत्रं जरूर लिहा. फौजदारसाहेब, तुम्ही तर लिहाच, फक्त त्या वाटसरूचा जबाब तेवढा आधी नोंदवून घ्या.