उमेदवाराचे पत्र आणि राज्याचे चारित्र्य



पेण आणि रोहे या दोन तालुक्यांतील लेखक, अध्यापक आणि इतिहासाचे अभ्यासक यांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. अध्यक्षाने वाङ्मयाच्या सर्व शाखांचा धावता आढावा घ्यावा असा प्रघात आहे; परंतु आज मी एकाच लेखनप्रकाराकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. साहित्याच्या इतिहासात त्याला स्थान मिळालेले नाही, आणि तरीही रुमालात बांधून ठेवलेल्या आपल्या जुन्या दप्तरांत तो आढळतो. नोकरीसाठी, मामलतीसाठी किंवा वतनासाठी सत्ताधीशाला लिहिलेला अर्ज आणि त्यासोबत जाणारी शिफारस, हा तो प्रकार होय.

या लेखनाचा एक फार मोठा संग्रह अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. एकोणिसाव्या शतकात परराष्ट्र खात्याकडे आलेले अर्ज आणि शिफारशी तेथे राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दींनुसार लावून ठेवलेल्या आहेत. १८२९ साली अँड्र्यू जॅक्सन अधिकारारूढ झाले, आणि निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने सरकारी जागा आपल्या माणसांत वाटाव्यात या रीतीला उघड प्रतिष्ठा लाभली. खेडेगावच्या पोस्टमास्तरापासून परदेशातील कॉन्सलपर्यंत असंख्य जागा या वाटपात सापडल्या. आणि ज्यांना त्या मिळाल्या त्यांच्या पगारातून पक्षासाठी वर्गणी वसूल होऊ लागली. नथॅनिएल हॉथॉर्नसारख्या थोर कादंबरीकाराला १८४६ साली सेलमच्या जकातघरात जागा मिळाली ती मित्रांच्या वशिल्याने, आणि १८४९ साली विरोधी पक्ष सत्तेवर येताच ती गेली. १८६१ साली लिंकन अध्यक्ष झाले तेव्हा देश यादवीच्या उंबरठ्यावर उभा होता, आणि अशा घटकेलाही त्यांचे दार उमेदवारांच्या गर्दीने अडवून धरले होते. कॉन्सलची जागा मिळावी म्हणून त्या वर्षी वॉशिंग्टनला खेटे घालणाऱ्यांत कादंबरीकार हर्मन मेलव्हिल हेही होते, आणि त्यांना रिकाम्या हातांनी परतावे लागले. शेवटी २ जुलै १८८१ रोजी, पॅरिसची कॉन्सलगिरी मागून निराश झालेल्या चार्ल्स गिटो या उमेदवाराने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली, आणि त्या जखमेने सप्टेंबरात त्यांचा अंत झाला, तेव्हा कोठे राष्ट्र जागे झाले. १८८३च्या पेंडलटन कायद्याने स्पर्धापरीक्षेचे तत्त्व स्वीकारले. पण तेही आरंभी सुमारे एक दशांश जागांपुरतेच.

हा वृत्तांत परक्यांच्या दोषांची उजळणी करण्यासाठी मी सांगितला नाही. आपले मोडी कागद उलगडून पाहावे, म्हणजे तीच माणसे तेथे भेटतात. वर ‘सेवेसी’ आणि ‘विज्ञापना ऐसीजे’, मध्ये वडिलांनी केलेल्या चाकरीचा दाखला, कुटुंबाच्या ओढीचा उल्लेख, मध्यस्थाचे नाव, आणि शेवटी ‘सेवेसी श्रुत होय हे विज्ञापना’. मजकूर बदलतो, साचा बदलत नाही. या साच्यात स्वाभिमानी माणसालाही वाकून बसावे लागते. कारण पद हे योग्यतेचे फळ नसून धन्याच्या कृपेचा प्रसाद आहे, असे त्याची पहिली ओळच मान्य करते.

तथापि आपल्या पूर्वजांना या व्यवस्थेतील धोका कळत नव्हता असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतने देण्याच्या सैलपणाविषयी राजाला कळकळीचा इशारा आहे. पेशवाईत मामलेदाराच्या जोडीला दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस असे दरखदार असत, आणि त्यांना दूर करण्याचा अधिकार मामलेदाराला नसे. एकाच्या लेखणीवर दुसऱ्याची नजर राहावी अशी ती योजना होती. परंतु दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती इजाऱ्याने, अधिक रक्कम कबूल करील त्याला, दिल्या जाऊ लागल्या. आणि एक-दोन सालांत दिलेला पैसा वसूल करून घेण्याची घाई ज्याला लागली आहे, त्या इजारदाराने रयतेवर दया करावी तरी कशी? इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९च्या आपल्या अहवालात या दुरवस्थेची नोंद केली आहे. पद विकत किंवा मेहेरबानीने मिळाले, की त्याची किंमत अखेर शेतसारा भरणाऱ्या कुणब्याच्या घरातून निघते, हा येथील आणि तेथील इतिहासाचा एकच निष्कर्ष आहे.

इंग्रजांच्या अमलातही ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकाचा हात डोक्यावर असल्याशिवाय मुलकी नोकरीत कोणाचा प्रवेश होत नसे. १८५३च्या सनदी कायद्याने तो मार्ग बंद केला आणि १८५५ पासून परीक्षा सुरू झाली. मात्र ती १९२२ पर्यंत केवळ लंडनलाच होत असल्यामुळे, आपल्या मुलांना समुद्र आणि दारिद्र्य असे दोन अडथळे ओलांडावे लागत. ते ओलांडून १९१८ साली त्या परीक्षेत पहिले आलेले चिंतामणराव देशमुख याच रोह्यात लहानाचे मोठे झाले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले. आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडून दिले. जे गुणांवर मिळवले होते ते तत्त्वासाठी सोडताना त्यांना कोणाच्या उपकाराचे ओझे आड आले नाही.

त्यांच्या जन्माआधी अवघे चार महिने, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, पेण तालुक्यातील गागोद्यास विनोबांचा जन्म झाला. चिंतामणरावांनी परीक्षेचा मार्ग शेवटपर्यंत चालून दाखवला, तर विनोबांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत टाकून तो मार्गच सोडला. १९१६ साली काशीहून त्यांनीही एका मोठ्या माणसाला पत्र लिहिले. परंतु गांधीजींना लिहिलेल्या त्या पत्रात जागेची मागणी नव्हती, प्रश्न होते. एकाने पद योग्यतेने घेतले, दुसऱ्याने पदाची वासनाच टाकली. परंतु शिफारशीची गरज दोघांनाही पडली नाही. आपल्या दोन तालुक्यांना याहून मोठा वारसा कोणता हवा?

विनोबांचे वैराग्य सर्वांना साधणार नाही, आणि पोटासाठी नोकरी मागण्यात कमीपणाही नाही. उमेदवाराला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, असे माझे निश्चित मत आहे. अर्जदाराला नियमाने हक्क मिळाला, म्हणजे त्याच्या पत्रातील लाचारी आपोआप गळून पडते. आणि नियम मोडकळीस आला, म्हणजे उत्तम माणूसही पुढाऱ्याच्या ओसरीवर बसलेला दिसतो. अर्जाची भाषा ही म्हणूनच राज्याच्या चारित्र्याची साक्ष असते.

या संमेलनाकडून माझ्या दोन अपेक्षा आहेत. पेण-रोह्याच्या वाड्यांतून आणि माळ्यांवरून अशी जी दप्तरे वाळवीच्या तोंडी जात आहेत, ती घरमालकांच्या संमतीने गोळा करावीत, त्यांची सूची करावी, मोडी वाचणारे तरुण तयार करावेत, आणि मूळ कागद अभिलेखागारात सुरक्षित ठेवावेत. त्यांत लाजिरवाणे असे काही निघाले तरी ते लपवू नये. दुसरी अपेक्षा आपणा लेखणी धरणाऱ्यांकडून आहे. गावात शिफारसपत्र लिहून देण्यासाठी लोक शिक्षकाकडे आणि लेखकाकडेच येतात. त्यांना अवश्य मदत करावी, त्यांची योग्यता स्वच्छ शब्दांत मांडावी, नियमाने त्यांचे जे आहे ते ठामपणे मागावे; परंतु ज्याची पात्रता आपणास ठाऊक नाही त्याच्यासाठी एक ओळही लिहू नये, कारण त्या ओळीने ज्या अनोळखी मुलाची जागा जाईल, तोही आपल्याच तालुक्यातला असेल.