दुबळं चुंबकत्व आणि प्रयोगशाळेचं कुलूप
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू आकाशात नेमकं काय बघतेस गं?" हा प्रश्न आज सकाळपासून चौघांनी विचारला. सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

ययाती तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षं दूर, शेकडो दीर्घिकांचा एक समूह आहे. त्या दीर्घिकांमधली जागा रिकामी नाही. तिथे कोट्यवधी अंश तापलेला, अतिशय विरळ वायू भरलेला आहे. समूहातल्या साऱ्या ताऱ्यांपेक्षा त्याचं वस्तुमान कितीतरी जास्त! तो क्ष-किरणांत दिसतो, आणि ते किरण आपलं वातावरण अडवतं, म्हणून उपग्रहावरच्या दुर्बिणी लागतात.

समूहाच्या मधोमध एनजीसी १२७५ नावाची दीर्घिका आहे. तिच्याभोवती थंड वायूचे धागे पसरलेत. लांबी हजारो प्रकाशवर्षं, जाडी जेमतेम २००. एवढ्या भट्टीत ते टिकतात कसे? हबल दुर्बिणीच्या चित्रांवरून अँड्र्यू फेबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उत्तर मांडलं : त्यांना चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवलंय. ते पृथ्वीच्या क्षेत्राहून हजारो पटींनी दुबळं आहे. पण विद्युतभारित कण चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत रेषांच्याच दिशेने जातात, आडवे सहज जात नाहीत. त्यामुळे बाहेरची उष्णता धाग्यात शिरायला अडते.

अशा क्षेत्रात वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन रेडिओलहरी सोडतात. त्या टिपणारी एक मोठी दुर्बीण आपल्याकडेच, नारायणगावजवळ खोडदला आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना! माझं काम तिथल्या निरीक्षणांवर चालतं.

चुंबकीय रेषा मी पहिल्यांदा पाहिल्या त्या आपल्या शाळेत, आठवीत. पुठ्ठ्याखाली चुंबक, वर लोहकीस. सरांनी पुठ्ठ्यावर टिचकी मारली आणि रेषा उमटल्या. आज त्या प्रयोगशाळेला कुलूप आहे. खिडकीतून पाहिलं तर आत मोडकी बाकं रचलेली.

आपला निधी प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी ठरलाय, हे मला ठाऊक आहे. कमान सुंदरच होईल. तरी दुपारच्या बैठकीत मी सुचवणार आहे, की आधी ते कुलूप काढू. काहींना हे आवडणार नाही. पण लोहकीस, चुंबक, भिंगं यांना खर्च फार नाही, आणि यंदाची आठवी पुढच्या वर्षी नववीत जाईल.