मुलांच्या संगतीने ल्यों



फ्रान्स म्हटले की पॅरिस, आणि पॅरिस म्हटले की आयफेलचा मनोरा, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु बरोबर आठ-दहा वर्षांची मुले असतील आणि हाती शनिवार-रविवार एवढाच वेळ असेल, तर पॅरिसहून वेगवान आगगाडीने दोन तासांत ल्यों गाठावे, असे मी आज सुचविणार आहे.

आपण मुलांना सहलीला नेतो, म्हणजे बहुधा आपण पुढे चालतो आणि मुले मागून फरपटत येतात. मोठ्यांना पाहायचे असते. मुलांना काही तरी करायचे असते. ज्या शहरात मुलाला दार ढकलता येते, जिना चढता येतो, ओरडता येते, ते शहर त्याच्या लक्षात राहते. ल्यों हे तसे शहर आहे.

शनिवारची सकाळ सोन नदीकाठच्या जुन्या वस्तीत घालवावी. येथे घरांच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणारे बोळ आहेत. त्यांना त्राबूल म्हणतात. सें-झां रस्त्यावरील ५४ क्रमांकाचे दार ढकलून आत शिरावे. चार चौक ओलांडून माणूस थेट पलीकडच्या रस्त्यावर बाहेर पडतो. दार कोणते हे मुलांनाच शोधू द्यावे. समोरच्या टेकडीवरील विणकर अशाच बोळांतून, पावसात न भिजविता, रेशमी कापडाचे गठ्ठे नेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाविरुद्ध लढणाऱ्यांनाही हे बोळ उपयोगी पडले. मात्र आत लोक राहतात, म्हणून पावले हळू टाकावीत, एवढी शिस्त मुलांना आधीच सांगावी.

शांत राहण्याची भरपाई दुपारी गिन्योलच्या बाहुलीनाट्यात होते. या बाहुलीचा जनक लोराँ मुर्गे हा विणकराच्या घरातला. राज्यक्रांतीनंतर रेशमाचा धंदा बसला, तेव्हा त्याने दात काढण्याचा व्यवसाय धरला आणि गिऱ्हाईक जमावे म्हणून बाहुल्या नाचविल्या. १८०८ च्या सुमारास गिन्योल जन्मला. तो गरीब, बडबड्या, पण अन्याय दिसताच शिपायावरही सोटा उगारणारा! फ्रेंच येत नसले तरी बिघडत नाही. सोटा कोणाच्या पाठीत बसला हे कळायला व्याकरण लागत नाही, आणि पोरे तर बाहुलीला ओरडून सावध करीतच असतात.

संध्याकाळी दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने फूरव्हिएरच्या टेकडीवर जावे. तेथे दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन नाट्यगृह आहे. एका मुलाने खाली रंगभूमीवर उभे राहून बोलावे, दुसऱ्याने वरच्या पायऱ्यांवरून ऐकावे. इतिहासाचा धडा तेवढ्यात होतो.

रविवारी सकाळी सोनच्या काठावरील बाजारातून पाव, चीज, फळे आणि गुलाबी बदामांची मिठाई घ्यावी आणि तेत दोर या उद्यानात जाऊन बसावे. १८५७ साली खुले झालेले हे उद्यान ११७ हेक्टरांचे आहे. त्यात तलाव आहे, नावा आहेत, वनस्पतिउद्यान आहे, जिराफ असलेले प्राणिसंग्रहालयही आहे. आणि या उद्यानात किंवा प्राणिसंग्रहालयात शिरायला एक पैसाही पडत नाही.

तिसऱ्या प्रहरी मोंप्लेझीर भागात ल्युमिए बंधूंचे घर पाहावे. तेथेच त्यांचा कारखाना होता. मार्च १८९५ मध्ये त्याच्या फाटकातून घरी निघालेल्या कामगारांचे चित्रण करण्यात आले. चित्रपट पुरा मिनिटभराचाही नाही. त्यात बायका आहेत, सायकली आहेत, एक कुत्राही आहे. ती शेड आजही जपलेली असून, रस्त्याचे नावच ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’ असे आहे. डिसेंबर १८९५ मध्ये पॅरिसला ल्युमिएंची चित्रे प्रथम तिकीट लावून दाखविली गेली, आणि ७ जुलै १८९६ रोजी ती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली. तीनच वर्षांनी, १८९९ साली, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. आपल्या मुलांना ही वाट त्या शेडसमोर उभे राहून सांगावी. ती घरचीच गोष्ट आहे.

आता खर्चाचा हिशेब करू. बोळ, रोमन नाट्यगृह, उद्यान, प्राणी यांना तिकीट नाही. पैसे पडतात ते बाहुल्यांना, संग्रहालयाला आणि गाडीभाड्याला. याचे मला मोठे अगत्य वाटते. ऱ्होन नदीच्या काठावर पूर्वी मोटारी उभ्या असत. २००७ साली तो काठ मोकळा करून सुमारे पाच किलोमीटर लांबीची पायवाट, हिरवळ आणि खेळण्याच्या जागा करण्यात आल्या. शहरातली सर्वांत चांगली जागा मोटारीने व्यापावी की मुलाने, हा प्रश्न त्या नगरपालिकेपुढे होता आणि तिने त्याचे उत्तर दिले. त्यामुळे खिशात फारसे काही नसलेले कुटुंबही तेथे पाहुण्यासारखे नव्हे, मालकासारखे रविवार घालविते.

ल्योंला आपल्यापैकी किती जण जातील, मी सांगू शकत नाही. पण आपल्या गावातही नदी असते, टेकडी असते, जुने वाडे असतात. पुढच्या रविवारी मुलांना पुढे चालू द्या आणि आपण मागून जा. ती कोठे थांबतात आणि कोठे अडतात, हे पाहिले म्हणजे आपल्या शहराने त्यांच्यासाठी काय राखले आणि काय गमावले, ते कोणा व्याख्यात्याने सांगण्याची गरज उरणार नाही.