दाबल्यावर फिरणारा पेचकस

मनुष्याच्या हाताला अगणित कामे येतात. पण एक काम त्याला मुळीच येत नाही. ते म्हणजे एकाच दिशेने सतत फिरणे. गाडीचे चाक, जाते, रहाट ह्यांना जे सहज साधते ते मनगटाला साधत नाही. कोपरापासून पुढचा हात पिळला, तर तो फार तर अर्ध्या वर्तुळाइतका वळतो आणि थांबतो. मग पकड सोडावयाची, हात मागे न्यावयाचा, पुन्हा पकडावयाचे आणि पुन्हा पिळावयाचे. उत्तर भारतात ज्याला पेचकस म्हणतात आणि आपल्याकडील कारखान्यांतून ज्याला सरळ स्क्रूड्रायव्हर म्हणतात, त्या हत्याराने काम करणाऱ्या सुताराचा सारा दिवस ह्या पकडण्यासोडण्यात जातो.

हा श्रम किती असतो ह्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. घराच्या एका दाराला तीन बिजागऱ्या आणि प्रत्येक बिजागरीला आठ स्क्रू धरले, तर चोवीस स्क्रू झाले. प्रत्येक स्क्रू लाकडात पंचवीस मिलिमीटर उतरावयाचा आणि एका फेऱ्यात तो दोन मिलिमीटर उतरतो असे मानले, तर एका स्क्रूला बारा-साडेबारा फेरे लागतात. प्रत्येक फेऱ्यासाठी मनगटाचे दोन पीळ. म्हणजे एक दार बसविताना सुमारे सहाशे वेळा मनगट पिळावे लागते, आणि तेही पेचकसावर छातीचा भार देऊन. कारण भार सुटला की पाते खाचेतून निसटते. दार बसविल्यावर आपण ते उघडूनमिटून पाहतो आणि पसंतीची मान हलवितो. त्या सहाशे पिळांचा आपल्याला पत्ताही नसतो.

हाताच्या ह्या उणिवेवर माणसाने फार प्राचीन काळी एक तोड काढून ठेवली आहे. ताक घुसळणारी गृहिणी रवी हाताने पिळीत बसत नाही. ती रवीला दोरी गुंडाळते आणि दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढते. हात सरळ रेषेत मागेपुढे जातात आणि रवी गरगर फिरते. जुन्या सुतारांचा सामता हा ह्याच युक्तीचा दुसरा अवतार. कमानीच्या दोरीचा वेढा सामत्याच्या दांड्याला दिलेला असतो. करवत ओढावी तशी कमान ओढली की दांडा फिरून लाकडात भोक पडते. पण रवी काय किंवा सामता काय, दोन्ही एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे फिरतात. ताकाला त्याचे काहीच वाटत नाही, आणि भोकालाही फारसे नाही. स्क्रूचे मात्र तसे नाही. जितका आत घातला तितकाच तो परतीच्या फेऱ्यात बाहेर येणार असेल, तर सारा खटाटोप व्यर्थ होय. तेव्हा सरळ रेषेतील हालचालीपासून फिरणे उत्पन्न करावयाचे, आणि ते फिरणे एकाच दिशेचे ठेवावयाचे, अशी दुहेरी अडचण होती.

ती सोडविण्याचे प्रयत्न अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात अनेकांनी केले व त्यांची पेटंटेही घेतली. त्यांपैकी व्यवहारात खऱ्या अर्थाने टिकला तो मेन राज्यातील झॅकरी फर्बिश ह्यांचा. त्यांची पेटंटे 1890 ते 1900 ह्या दशकातील आहेत. फिलाडेल्फिया शहरातील नॉर्थ ब्रदर्स ह्या कंपनीने हा पेचकस हाती घेतला आणि ‘यांकी’ ह्या नावाने बाजारात आणला. ही कंपनी हाताने फिरवावयाची आइस्क्रीमची यंत्रेही करीत असे. दांडा फिरवून घरातल्या मंडळींचे हात कसे भरून येतात ह्याची तिला चांगलीच कल्पना असावी! मध्यम आकाराच्या पेचकसाला 30, मोठ्याला 31 आणि लहानाला 35 असे क्रमांक होते. पुढे आत स्प्रिंग घातलेले प्रकार निघाले त्यांना 130, 131 आणि 135 म्हणू लागले. अमेरिकेतील सुतारांच्या दोन-तीन पिढ्यांना हे आकडे घरच्या माणसांच्या नावांसारखे परिचयाचे होते.

ह्या हत्याराची रचना डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही. त्याचे मुख्य अंग म्हणजे एक पोलादी दांडा. त्याच्या खालच्या टोकाला पाते बसते आणि वरचा भाग मुठीला जोडलेल्या नळीत सरकतो. ह्या दांड्यावर मळसूत्री जिन्याप्रमाणे चढत जाणाऱ्या खोबणी कोरलेल्या असतात. एका जोडीचा जिना उजवीकडे वळत चढतो, दुसऱ्या जोडीचा डावीकडे. आणि दोन्ही एकमेकींना छेदीत गेल्यामुळे दांड्यावर शंकरपाळ्यांची नक्षी उमटलेली दिसते. ती पाहून हे शोभेसाठी असावे असे एखाद्याला वाटेल. पण हत्याराचा सारा जीव त्या शंकरपाळ्यांत आहे.

नळीच्या आत दोन नट असतात. एक उजव्या खोबणींत बसतो, दुसरा डाव्या. बाहेरच्या बाजूस अंगठ्याने सरकविण्याची एक लहान कळ असते. कळ एका टोकाला नेली की पहिला नट नळीशी अडकतो व दुसरा मोकळा राहतो. आता मूठ खाली दाबली, तर अडकलेल्या नटाला स्वतः फिरता येत नाही. तो खोबणीतून खाली येऊ लागतो आणि त्याच्या रेट्याने दांड्यालाच फिरावे लागते. दांड्याबरोबर पाते फिरते आणि पात्याबरोबर स्क्रू. मूठ वर येऊ लागली म्हणजे रॅचेट, म्हणजे एकाच बाजूला अडविणारे दाते व खिटी, त्या नटाला सोडून देते. नट आपला मुकाट्याने खोबणीतून फिरत वर जातो. दांडा, पाते आणि स्क्रू जागच्या जागी स्थिर राहतात. पुन्हा दाबावे, पुन्हा फेरे. कळ दुसऱ्या टोकाला नेली की दुसऱ्या नटाची पाळी येते, आणि तोच दाब आता स्क्रू बाहेर काढतो. कळ मधोमध ठेवली तर दोन्ही नट अडकतात, आणि हे हत्यार साध्या पेचकसासारखे ताठ होऊन बसते.

समजा, दांड्यावरील खोबण चार सेंटिमीटर चढली की एक फेरा पुरा होतो आणि मूठ एका दमात बारा सेंटिमीटर खाली येते. तर एका दाबात तीन फेरे झाले. ज्या स्क्रूला मनगटाचे पंचवीस पीळ लागत होते तो चार-पाच दाबांत बसला. शिवाय हे काम आता मनगटाच्या बारीक स्नायूंकडून निघून दंड आणि खांदा ह्यांच्याकडे गेले. दिवस अखेर मनगट सुजलेले असणे आणि खांदा थोडा दमलेला असणे, ह्यांतील अंतर त्या धंद्यातल्या माणसाने सांगावे.

येथे एक मौज लक्षात घेण्यासारखी आहे. स्क्रू हा स्वतः मळसूत्रच होय, आणि त्याला फिरविणारा हा दांडाही मळसूत्रच. परंतु दोघांचे धर्म उलट आहेत. स्क्रूच्या आट्यांचा चढ इतका हलका असतो की तो फिरविला तर पुढे जातो, पण नुसता दाबला तर जागचा हलत नाही. म्हणूनच तर तो लाकडात टिकून राहतो. दांड्यावरील खोबणींचा चढ इतका उभा असतो की तो दाबला तर फिरतो. एक फिरण्याचे पुढे सरकणे करतो, दुसरा सरकण्याचे फिरणे करतो. हात सरळ दाबतो आणि स्क्रू सरळ आत जातो. मधले सारे फिरणे ही दोन मळसूत्रे आपसात मिटवितात. आणखी असे की, साध्या पेचकसाला दाब एक आणि पीळ दुसरा, असे दोन श्रम वेगवेगळे द्यावे लागत. येथे पाते खाचेत दाबून धरणारा जो भार, तोच भार पात्याला फिरवितोही.

मात्र निसर्ग कोणालाच फुकट काही देत नाही. मघाच्याच चार सेंटिमीटरांच्या उदाहरणात, एक मीटर लांबीच्या तरफेच्या टोकाला शंभर ग्रॅम वजन टांगल्याने जेवढा पीळ पडेल, तेवढा पीळ मिळविण्यासाठी, घर्षण मुळीच नाही असे धरले तरी, सुमारे सोळा किलोचा भार मुठीवर द्यावा लागतो. मऊ लाकडात, आधी गिरमिटाने भोक पाडून आणि स्क्रूला थोडा साबण किंवा मेण लावून ठेवले असेल, तर हे सहज होते. सागवानात किंवा शिसवीत नुसत्या दाबाने काम भागत नाही. शेवटचा घट्ट आवळा तर नेहमीच कळ मध्ये आणून, जुन्या पद्धतीने मनगटानेच द्यावयाचा असतो. स्क्रू काढतानाचा विरोधाभास ह्याहून अधिक गमतीचा आहे. स्क्रू वर यावयाचा म्हणून कामगार मूठ खाली दाबीत असतो. वर येणारा स्क्रू आणि खाली जाणारा हात ह्यांची जणू रेटारेटी चाललेली असते. गंजलेल्या स्क्रूपुढे तर हा पेचकस सरळ हार मानतो.

पण त्याचा खरा वैरी लाकूडही नव्हे आणि गंजही नव्हे. तो होता स्क्रूच्या माथ्यावरील ती सरळ खाच. दोन्ही बाजूंना उघडी असलेली ही खाच पात्याला धरून ठेवीत नाही. मनगटाने हळूहळू फिरविताना पाते घसरले तर एखादा ओरखडा उठतो; पण दंडाचा सगळा भार देऊन वेगाने फिरविताना घसरले, तर ते पाते बाजूला धरलेल्या हातात शिरते. हत्यार सुधारले, पण ज्याच्यासाठी ते सुधारले तो स्क्रू जुनाच राहिला. आणि त्या विजोड जोडीचा दंड कामगाराच्या डाव्या हाताने भरला. ज्याने एक बाजू वेगवान केली त्याने दुसरी बाजू तपासावयास नको होती काय, असा प्रश्न येथे मनात येतो.

तो प्रश्न एका विक्रेत्याला आपल्या रक्ताने पडला. कॅनडातील पीटर रॉबर्टसन हा फिलाडेल्फियाच्याच एका हत्यारांच्या कंपनीसाठी गावोगाव फिरत असे. 1906 साली माँट्रिऑल येथे स्प्रिंगचा पेचकस लोकांना दाखविताना पाते खाचेतून निसटले आणि त्याचा हात कापला, असे सांगितले जाते. रॉबर्टसनने पेचकसाला दोष दिला नाही. त्याने स्क्रूच बदलला. माथ्यावर सरळ खाचेऐवजी, तळाशी किंचित निमुळता होत जाणारा चौकोनी खळगा पाडला आणि पाते त्याच मापाचे चौकोनी केले. हे पाते खळग्यात इतके घट्ट बसते की स्क्रू त्याच्या टोकावर आडवा धरला तरी खाली पडत नाही आणि दुसरा हात मोकळा राहतो. ऑन्टॅरिओ प्रांतातील मिल्टन येथे त्याने कारखाना काढला; कॅनडाचे पेटंट 1909 चे आहे. हेन्री फोर्डच्या मोटारींत हे स्क्रू वापरले गेले. पण फोर्डने ते स्वतः करण्याचा परवाना आपल्या अटींवर मागितला तेव्हा रॉबर्टसनने नकार दिला. तो स्वाभिमान त्याला महागात पडला. कॅनडाबाहेर हा उत्तम स्क्रू त्या मानाने फारसा पसरला नाही.

पसरला तो ओरेगॉन राज्यातील हेन्री फिलिप्स ह्याने पुढे आणलेला चार पाकळ्यांचा खळगा. त्याची पेटंटे 1936 ची आहेत, आणि लवकरच जनरल मोटर्सने तो आपल्या कॅडिलॅक मोटारीत घेतला. आज आपल्या घरातील रेडिओपासून शिवणयंत्रापर्यंत जिकडे तिकडे जी फुली दिसते ती हीच. ह्या फुलीत पाते आपोआप मध्यभागी बसते, म्हणून वेगाने फिरणाऱ्या हत्याराला ती सोईची. यांकी पेचकसालाही फुलीचे पाते बसविता येऊ लागले आणि त्याचा जुना धोका बराच कमी झाला.

दुर्दैवाने जोडीदार मिळाला तोवर त्याच्या दाराशी वीज येऊन उभी राहिली होती. 1946 साली नॉर्थ ब्रदर्सचा व्यवसाय न्यू ब्रिटन येथील स्टॅन्ले कंपनीने विकत घेतला व यांकी हे नाव पुढेही चालविले. 1961 साली ब्लॅक अँड डेकर कंपनीने तारेशिवाय बॅटरीवर चालणारे भोक पाडण्याचे यंत्र काढले. त्याच वंशातील पेचकस पुढे इतके हलके आणि स्वस्त झाले की दाबून फिरविण्याची युक्ती सामान्य बाजारातून मागे पडली. मोटारीला एकाच दिशेने सतत फिरण्याचे वावडे नाही. मनगटाची ती उणीव तिने एका झटक्यात निकालात काढली. तथापि बॅटरी संपली की यंत्र बंद पडते, आणि शेवटचे दोन फेरे किती जोराने द्यावयाचे हे ते हाताला तितक्या स्पष्टपणे कळू देत नाही. म्हणून परदेशांत कपाटे आणि नावा बांधणाऱ्या काही कारागिरांनी आपले जुने 130 क्रमांक सांभाळून ठेवले आहेत. आजच्या षट्कोनी दांड्याची पाती त्यांत बसावीत म्हणून लहान जोडतुकडेही विकत मिळतात.

असा एखादा पेचकस जुन्या पेटीत कोणाच्या हाती लागलाच, तर त्याचा दांडा बहुधा नळीत पूर्ण दाबून, कडे फिरवून अडकवून ठेवलेला असतो. आत स्प्रिंग असेल तर कडे सोडताच दांडा बाणासारखा बाहेर उसळतो. तेव्हा टोक चेहऱ्याकडून, विशेषतः पाहावयास जमलेल्या मुलांच्या डोळ्यांकडून, दुसरीकडे वळवून मगच कडे सोडावे. खोबणींत साचलेला लाकडाचा भुसा कापडाने पुसावा आणि पातळ तेलाचा एक थेंब शंकरपाळ्यांवर सोडावा. मग पाते स्क्रूच्या माथ्यात नीट बसवून, डाव्या हाताने पात्याजवळचे कडे धरून, मूठ अगदी सरळ रेषेत दाबावी. तिरकी दाबली तर खाच बिघडते.