राजाने न घेतलेला अर्ज



 आज मला एका फसलेल्या अर्जाची वकिली करायची आहे.

साल १७७५, इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहती. एप्रिलमध्ये लेक्सिंग्टन-कॉन्कॉर्डला गोळीबार झालेला, जूनमध्ये बंकर हिलची लढाई झालेली. आणि ८ जुलैला फिलाडेल्फियात दुसऱ्या काँटिनेंटल काँग्रेसचे प्रतिनिधी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला लिहिलेल्या विनंतीपत्रावर सह्या करत होते. हीच ती ‘ऑलिव्ह ब्रँच पिटिशन’. दोनच दिवस आधी याच सभेने आपण शस्त्रं का उचलली याचा जाहीरनामा मंजूर केला होता. दोन्ही मसुद्यांवर हात फिरवणारा माणूस एकच, पेनसिल्व्हेनियाचा वकील जॉन डिकिन्सन.

अर्ज वकिलाचा आहे हे पदोपदी कळतं. सारा दोष मंत्र्यांच्या माथी, राजावर शिंतोडाही नाही. सुरुवातीला बारा वसाहतींची नावं एकेक करून दिलेली, खाली ज्याची त्याची सही. कारण काँग्रेस नावाची सभा लंडनच्या लेखी बेकायदा होती. तिच्या नावाने गेलेला कागद दारातूनच परत आला असता. आदल्या वर्षीचा अर्ज तर पार्लमेंटपुढे इतर कागदांच्या ढिगात जाऊन पडला होता.

मॅसॅच्युसेट्सच्या जॉन अ‍ॅडम्सला हे सारं पोरकट वाटे. सही त्यानेही केली, पण महिना संपायच्या आत मित्राला लिहिलेल्या पत्रात नाव न घेता डिकिन्सनची टर उडवली. पत्र इंग्रजांच्या हाती लागलं आणि छापून आलं. (दुसऱ्याची पत्रं फोडण्याची साहेबाची हौस आपल्याला काही नवी नाही.) सप्टेंबरमध्ये दोघं फिलाडेल्फियाच्या रस्त्यात समोरासमोर आले. अ‍ॅडम्सने हॅट काढून, वाकून अभिवादन केलं. डिकिन्सन हॅटला हातही न लावता ताठ मानेने निघून गेला. अ‍ॅडम्सनेच हे रोजनिशीत नोंदवून ठेवलंय.

तोवर तिकडे निकाल लागून चुकला होता. रिचर्ड पेनने अर्ज लंडनला नेला. २१ ऑगस्टला त्याची नक्कल वसाहतमंत्री लॉर्ड डार्टमथकडे गेली. २३ ऑगस्टला राजाने वसाहतींत बंड झाल्याची घोषणा काढली. मूळ अर्ज सादर झाला १ सप्टेंबरला! उत्तर काय मिळालं? महाराजांनी तो सिंहासनावरून स्वीकारलेला नाही, सबब उत्तर देता येत नाही. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही हा सूर ओळखीचा वाटेल.

म्हणून अर्ज वाया गेला असं आपण शिकवतो. मला ते पटत नाही. मधल्या वसाहतींत हजारो माणसं कुंपणावर बसलेली होती. अ‍ॅडम्सच्या भाषणांनी ती हलली नसती. त्या नकाराने मात्र त्यांच्या पायाखालचं कुंपणच काढून घेतलं. पुढच्या वर्षीच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात, आम्ही नम्रपणे अर्ज केले आणि बदल्यात जाच वाढला, हे राजावरच्या आरोपांत ठळकपणे आलंच.

मग अर्ज हा निव्वळ डावपेच होता का? काहींच्या बाबतीत असेलही. डिकिन्सनच्या बाबतीत नाही. २ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याच्या ठरावावर मतदान झालं तेव्हा तो सभागृहाबाहेर राहिला, जाहीरनाम्यावर सही केली नाही, लोकांची मर्जी गमावली. आणि त्याच महिन्यात आपली पलटण घेऊन न्यू जर्सीला मोर्चावर गेला.

आपल्याकडे रानडे-गोखल्यांच्या अर्जांना ‘भिक्षांदेही’ म्हणून मोकळं होण्याची रीत आहे. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. डिकिन्सनच्या मागे बंदुका होत्या, रानड्यांच्या मागे नव्हत्या. पण रानडे-गोखल्यांच्या सार्वजनिक सभेचे अर्ज सरकारने कसे वाचले यावर आपण बरंच लिहिलं. ते पुण्यात, साताऱ्यात, नगरला कोणी वाचले, आणि नकार आल्यावर त्या वाचकांनी काय केलं, यावर या परिषदेत निबंध यावेत, एवढी माझी मागणी आहे.